आजाराचे नाव आणि आजाराचे कारण

"काय होतंय?" हा दवाखान्यातला पहिला प्रश्न. त्याला येणारी उत्तरे ऐका. "अंगात कडकी भरलीय." "छातीत गॅस धरलाय." "थंडी बाधली." "नव्या गावचं पाणी लागलं." "अंगावरून वारं गेलं." "बाहेरचं काहीतरी असावं."

ही उत्तरे इतकी रोजची आहेत की त्यांतली एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. विचारलेले असते त्रासाबद्दल. सांगितलेले असते कारण. "छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं होतंय, डावा हात भरून आलाय, घाम सुटलाय," ही झाली तक्रार. "गॅस धरलाय" ही तक्रार नव्हे, ते निदान आहे. ते रुग्णाने घरीच केलेले असते आणि त्यावर सोडा, ओवा, लिंबू असा उपचारही झालेला असतो. खरोखरच गॅस असेल तर बिघडत नाही. पण हृदयविकाराचा झटका असेल, तर त्या एका शब्दापायी तीन-चार तास हातचे जातात, आणि तेच तास मोलाचे असतात.

आपल्या बोलीभाषेला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. आजारांसाठी मराठीत जितके नेमके, चित्रमय शब्द आहेत, तितके क्वचितच कुठे सापडतील. परंतु माणूस उपाय करतो तो आजारावर नव्हे, त्याने मानलेल्या कारणावर. आणि कारण कोणते मानायचे, हे पुष्कळदा आपण वापरलेला शब्दच ठरवून टाकतो. म्हणून आज थोडा विचार या शब्दांचा.

कप फुटला की फोडला?

शब्दाने समज बदलते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती असावा, असे विचारले. प्रश्न एकच, फक्त क्रियापद वेगवेगळे. "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?" असे ज्यांना विचारले, त्यांचा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला. "गाड्या एकमेकींना टेकल्या तेव्हा" असे ज्यांना विचारले, त्यांचा अंदाज सुमारे ३२ मैल. चित्रफिती त्याच, डोळेही धड. फरक केला तो एका शब्दाने. पुढच्या प्रयोगात एका आठवड्यानंतर विद्यार्थ्यांना विचारले, "फुटलेली काच दिसली होती का?" चित्रफितीत काच मुळीच फुटलेली नव्हती. तरीही "जोरात आदळल्या" हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी "हो, दिसली" असे सांगितले.

२०१० साली केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपाहारगृहातल्या मेणबत्तीने कापडाला आग लागल्याची हकिगत काहींना "कापडाने पेट घेतला" अशी सांगितली, तर काहींना "तिने कापड पेटवले" अशी. दुसऱ्या गटाने त्या बाईला अधिक दोष दिला आणि तिच्याकडून भरपाईही अधिक मागितली.

मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. कप फुटला आणि कप फोडला, दूध सांडले आणि दूध सांडवले, यांतला फरक घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही कळतो. स्वतःच्या हातून झाले तर ते "फुटला" म्हणते. धाकट्याच्या हातून झाले तर "फोडला" म्हणते. आजारांच्या बाबतीत आपण मोठी माणसेही नेमके हेच करतो.

नावांचे तीन प्रकार

आजारांच्या नावांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार दिसते ते सांगणाऱ्या नावांचा. हिवताप म्हणजे हिव भरून येणारा ताप. धनुर्वातात रुग्णाचे शरीर धनुष्यासारखे वाकते. "डोळे आले" म्हणजे ते लाल झाले, सुजले, चिकटले. ही नावे लक्षण सांगतात.

दुसरा प्रकार कारण सांगणाऱ्या नावांचा. "वारं गेलं", "थंडी बाधली", "देवी आल्या" ही नावे लक्षणावर थांबत नाहीत, हे कोणी केले तेही सांगून मोकळी होतात. हा दोष फक्त आपल्या भाषेचा नाही. आपण शास्त्रीय समजतो ते "मलेरिया" हे नाव इटालियन भाषेतून आले आहे आणि त्याचा अर्थ "वाईट हवा" असा आहे. दलदलीवरून येणाऱ्या दूषित हवेने हा ताप येतो, अशी युरोपात शतकानुशतके समजूत होती. १८८० साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने रुग्णाच्या रक्तात मलेरियाचे परजीवी पाहिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात तेच परजीवी सापडले, आणि मग डासाकडे बोट वळले. तोवर लोक रात्रीची हवा आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेत. या बाबतीत आपला "हिवताप" हा शब्द "मलेरिया"पेक्षा प्रामाणिक म्हणावा लागेल. तो जेवढे दिसते तेवढेच सांगतो.

तिसरा प्रकार उपमेचा. याचे ठळक उदाहरण म्हणजे "नागीण". अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे आग होणारे फोड उठतात, म्हणून हे नाव. उपमा चांगली आहे. पण नागीण म्हटली की तिला तोंड आले, शेपूट आले, आणि तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो ही भीतीही आली. मग उतारे, मंत्र, गेरूचे लेप. वास्तविक हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर पुन्हा डोके वर काढतो. ज्या मज्जातंतूत तो असतो, त्याच्या वाटेनेच फोड येतात आणि हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो. म्हणून तोंड-शेपूट सहसा जुळतच नाही, आणि मांत्रिकाला यश मिळते. विषाणूवरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. फोड कपाळावर किंवा डोळ्याजवळ असतील तर एक दिवसही थांबू नये, कारण तिथे प्रश्न दृष्टीचा असतो.

"वारं गेलं"

चांगला चालता-बोलता माणूस अचानक एका अंगाने लुळा पडतो, तोंड वाकडे होते. घरातले म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मग पहिले काम काय होते? दारे-खिडक्या लावणे, कानाला फडके बांधणे, गोधडी पांघरणे, तेलाने चोळणे. हे सारे मायेपोटीच केलेले असते आणि वाऱ्यावरचा उपाय म्हणून त्यात संगतीही आहे. चुकलेले असते ते कारण.

यात बाहेरचा वारा कुठेही नसतो. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते किंवा मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली असते. आयुर्वेदातला वात म्हणजेही गच्चीवरचा गार वारा नव्हे. ती शरीरातील एक क्रिया मानलेली आहे. "अर्धांगवायू" या नावातल्या "वायू"चा अर्थ सामान्य माणसाने खिडकीतून येणारी झुळूक असा लावला, आणि घोटाळा झाला.

गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. मात्र आधी डोक्याचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. कारण रक्तस्राव असताना हेच इंजेक्शन घातक ठरते. म्हणजे तालुक्याहून जिल्ह्याला पोहोचण्याचा वेळही या साडेचार तासांतच बसवायचा. तेल चोळण्यात गेलेला एक तास किती महाग पडतो, ते यावरून कळेल. तोंड वाकडे झाले, एक हात वर उचलेना, बोलणे अडखळू लागले, यांपैकी एकही गोष्ट अचानक घडली तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. गिळताना ठसका लागण्याचा धोका असतो, म्हणून तोंडावाटे पाणी किंवा औषध काहीही देऊ नये.

याहून फसवे वाक्य म्हणजे "वारं येऊन गेलं." हात दहा मिनिटे लुळा पडला आणि पुन्हा पूर्ववत झाला, की घरात आनंद होतो. वारे आले आणि गेलेही, मग चिंता कसली? प्रत्यक्षात मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता अडल्याची ती खूण असते, आणि पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा संभव वाढलेला असतो. त्याच दिवशी तपासणी झाली तर तो टाळता येण्यासारखा असतो. वाऱ्याला शोधत कोणी जात नाही. पण रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि हृदयाचे अनियमित ठोके ही कारणे शोधता येतात आणि आटोक्यातही आणता येतात.

उतरणे आणि उतरवणे

आता एका अक्षराची गंमत पाहू. ताप उतरतो, कावीळ उतरते, सूज उतरते. "उतरणे" या क्रियापदात आजार आपला आपण कमी होतो. त्यात एक "व" घातला की होते "उतरवणे". आणि लगेच उतरवणारा हजर होतो. कावीळ उतरवणारा, विंचू उतरवणारा, साप उतरवणारा. एका अक्षराने एक माणूस आणि त्याचे श्रेय उभे केले.

कावीळ हे मुळात एका आजाराचे नाव नाही. डोळे आणि लघवी पिवळी होणे हे लक्षण आहे. दूषित पाण्यातून येणारे "ए" आणि "ई" विषाणू, रक्तावाटे पसरणारे "बी" आणि "सी" विषाणू, पित्तनलिकेत अडकलेला खडा, दारूने खराब झालेले यकृत, काही औषधे, अशी त्याची अनेक कारणे असतात. यांपैकी "ए" प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. या काळात रुग्ण ज्याच्याकडे जाईल त्याला यश येते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते आणि "बघा, कावीळ उतरली" असे दाखवले जाते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावला की निरोगी माणसाच्या हातानेही ते पाणी पिवळे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवत आले आहेत.

पण "उतरवून घेतली" या समाधानात "बी"चा रुग्ण तपासणीविना राहतो, खड्याचा रुग्ण शस्त्रक्रियेविना राहतो, आणि "ई" प्रकारची कावीळ झालेली गरोदर बाई घरीच राहते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत "ई" विषाणूची कावीळ जिवावर बेतू शकते, हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवले पाहिजे.

सापाचेही तसेच. "पान लागलं" असे म्हणायची आपल्याकडे रीत आहे. सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. अशा सर्वांचे "पान" मंत्राने उतरते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले असेल, तर ते मंत्राने उतरत नाही. त्याला प्रतिविष लागते. चावलेला हात-पाय न हलवता, आवळून न बांधता, जखम न कापता, न चोखता थेट रुग्णालय गाठावे.

विंचवाच्या बाबतीत कोकणचे उदाहरण बोलके आहे. तिथला लाल विंचू चावला की थोड्या वेळाने वेदना कमी व्हायची, "विंचू उतरला" म्हणून घरचे निश्चिंत व्हायचे, आणि त्यानंतर काही तासांत रुग्णाला, विशेषतः लहान मुलांना, धाप लागून फुप्फुसात पाणी साचायचे. वेदना उतरत होती, विष मात्र हृदयावर काम करत होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी हे बारकाईने पाहिले, नोंदवले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग या रुग्णांसाठी केला. त्यांच्या कामामुळे कितीतरी मुले वाचली. "उतरला" या शब्दावर न थांबता "नेमके काय उतरले?" असे विचारल्याचे हे फळ.

दाताचे जुलाब

बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यात दात येऊ लागतात. त्याच सुमारास जुलाबही होतात. म्हणून या जुलाबांना नाव पडले "दाताचे जुलाब". नावातच कारण आले, आणि दात थांबवता येत नाहीत म्हणून जुलाबाकडेही दुर्लक्ष झाले. "दात आले की थांबतील," असे आजी सांगते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार आहे. याच वयात बाळ रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते, वरचे अन्न आणि पाणी सुरू होते, आणि आईकडून गर्भात मिळालेली संरक्षक द्रव्येही कमी झालेली असतात. जुलाब होतात ते जंतूंमुळे. दात त्या वेळी आलेले असतात, एवढेच.

बाळ दगावते ते बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून "जुलाब थांबवा" यापेक्षा "पाणी भरून काढा" हे अधिक तातडीचे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्या खाली आले. तेच पाणी आज आपल्याला ओआरएसच्या पुडीत मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ते बाळाला वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजत राहावे. अंगावरचे दूध बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. डोळे खोल गेले, लघवी होईना, बाळ मलूल पडले, पिईना, किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर मात्र घरी थांबू नये.

"तिला मुलीच होतात"

काही वाक्ये आजाराची नसतात, तरी त्यांनी आयुष्ये नासवली आहेत. "तिला मुलीच होतात" हे त्यांपैकी एक. व्याकरणाने यात कारण "ती" ठरते. शास्त्र काय सांगते? स्त्रीच्या बीजातून येणारे लिंगगुणसूत्र नेहमी "एक्स"च असते. पुरुषाच्या बीजातून "एक्स" किंवा "वाय" यांपैकी एक येते. "एक्स" आले तर मुलगी, "वाय" आले तर मुलगा. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सुनेला टोमणे खावे लागतात, ती गोष्ट तिच्या बीजावर अवलंबूनच नसते.

अर्थात, आता मुलाच्या नावाने बोटे मोडावीत असेही नाही. कोणते बीज पुढे जाईल हे त्याच्याही हाती नसते. कारण आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे नीट समजून घ्यावे. आणि मुलगी होणे हा मुळात दोषच नाही, म्हणून तिथे दोषी शोधण्याचाही प्रश्न येत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. कायदा यंत्राला लागू होतो. घरातल्या वाक्याला लागू होत नाही. ते आपणच बदलायचे.

"वांझ" हा दुसरा शब्द. बाईसाठी असा एक घाव घालणारा शब्द घरोघरी ऐकू येतो; पुरुषासाठी तितका रुळलेला शब्दच नाही. शब्द नाही म्हणून शंका नाही, आणि शंका नाही म्हणून तपासणी नाही. वस्तुस्थिती अशी, की मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. वीर्याची तपासणी ही सर्वांत साधी, स्वस्त आणि बिनत्रासाची. तरी अनेक घरांत बाईच्या पिशवीची सफाई, दुर्बिणीची तपासणी, उपास-नवस होऊन जातात आणि नवऱ्याची ती तपासणी राहूनच जाते. "तिला मूल होत नाही" याऐवजी "दोघांना मूल होत नाही" असे म्हटले, तर दोघे मिळून दवाखान्यात जातील.

"साथ आली"

पावसाळा लागला की बातमी येते : "गावात गॅस्ट्रोची साथ आली." जणू ती एसटीतून उतरून चालत आली. पाहुणा आला, राहिला, गेला. कोणाला काय विचारायचे?

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने काही दिवसांतच पाचशेहून अधिक माणसे दगावली. "हवा बिघडली" असे बहुतेक जाणते लोक म्हणत होते. जॉन स्नो या डॉक्टरने घरोघर जाऊन विचारले, "तुम्ही पाणी कुठले भरता?" मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती एकवटलेले दिसले. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. पण हवेकडे पाहणारे डोळे पाण्याकडे वळले, ही कायमची कमाई झाली.

आपल्या गावातही साथ येत नाही. ती पाण्यातून पसरते. नळाची वाहिनी गटारातून गेलेली असते. नळाला दिवसातून तासभर पाणी येते; उरलेला वेळ वाहिनी रिकामी असते आणि फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. टाकीत टीसीएल पावडर किती टाकली, ओटी टेस्ट कोणी आणि केव्हा केली, याची नोंद ग्रामपंचायतीत असावी लागते. "साथ आली" असे म्हटले की या नोंदवहीकडे कोणी जात नाही. "पाणी शुद्ध झाले नाही, म्हणून माणसे आजारी पडली" असे म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो : पाणी शुद्ध करणे कोणाचे काम होते आणि ते का झाले नाही? हा प्रश्न कोणाला फासावर चढवण्यासाठी नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वी वाहिनी बदलण्यासाठी आहे.

उपायांची नावे

नावे उपायांनाही असतात आणि तीही फसवतात. "अशक्तपणा आलाय, ताकदीची बाटली लावा," अशी मागणी रोज होते. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे पाच-सहा चमचे. मिठाच्या पाण्याच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, दुसरे काही नाही. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या रुग्णाला ही बाटली जीवदान देते. पण रक्त कमी असल्यामुळे आलेला थकवा तिने जात नाही. त्याला लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, डाळी आणि जंतांचे औषध लागते. बाटलीला "मीठ-पाणी" म्हटले असते, तर तिच्यासाठी कोणी उसने पैसे काढले नसते.

"साखरेचा आजार" म्हटले की माणूस साखर सोडतो आणि गुळाचा चहा पितो. रक्तातली साखर गूळही वाढवतोच. "बीपी नॉर्मल आलं" म्हटले की गोळी बंद होते. रक्तदाब नॉर्मल आलेला असतो तो गोळीमुळे, आणि गोळी बंद केली की तो पुन्हा चढतो. इथे "बरा झाला" हा शब्द चुकीचा आहे. "आटोक्यात आहे" हा बरोबर. "गोळीची सवय लागते" हेही तसेच. चष्म्याची सवय लागली म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही. इन्सुलिनवर तर फारच अन्याय होतो. पुष्कळ रुग्ण ते घ्यायला वर्षानुवर्षे टाळतात, तोवर मूत्रपिंडे खराब होत आलेली असतात, आणि मग लोक म्हणतात, "इन्सुलिन सुरू केलं आणि किडनी गेली." जे नंतर घडले ते आधीच्यामुळेच घडले, असे मानण्याची ही चूक आहे.

डॉक्टरमंडळीही यातून सुटलेली नाहीत. "व्हायरल आहे", "ॲलर्जी आहे" हे शब्द कधी खरे निदान असतात, तर कधी प्रश्न मिटवण्यासाठी वापरलेले. रुग्णाने नम्रपणे विचारावे, "डॉक्टरसाहेब, हे कशावरून? आणि कशाची ॲलर्जी?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

मग करावे काय?

जुने शब्द टाकून द्यावेत असे मुळीच नाही. आजीला "वारं गेलं" म्हणू द्यावे. आपण मात्र त्या शब्दावर थांबू नये. काही साध्या सवयी लावून घेता येतील.

१. दवाखान्यात आधी त्रास सांगावा, नाव नंतर. कुठे, केव्हापासून, किती, कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, एवढे सांगितले की निम्मे काम होते.

२. आजाराचे नाव ऐकले की स्वतःला विचारावे : हे नाव लक्षण सांगते, कारण सांगते, की नुसती उपमा आहे?

३. "यानंतर झाले" आणि "यामुळे झाले" या दोन वाक्यांची गल्लत करू नये.

४. "आपोआप बरे झाले असते का?" हा प्रश्न प्रत्येक उपायाला विचारावा, मंत्रालाही, गोळीलाही.

५. "झाले", "आले", "गेले" अशी क्रियापदे कानावर पडली की कर्ता कोण, ते शोधावे. बोल लावण्यासाठी नव्हे, पुन्हा तसे घडू नये म्हणून.

६. छातीत दुखणे, अंग लुळे पडणे, साप-विंचू चावणे आणि बाळाचे जुलाब, या चार प्रसंगी नावाची चर्चा वाटेत करावी. आधी घरातून निघावे. बाळाला मात्र वाटेतही मीठ-साखरेचे पाणी पाजत राहावे.

शब्द घरातल्या वडीलधाऱ्या माणसांसारखे असतात. त्यांनी आपल्याला वाढवले, म्हणून त्यांचा मान ठेवावा. पण औषध घेताना मात्र त्यांना विचारावे, "तुम्ही हे कशावरून म्हणता?"